फडाचा मालक : जॉनी हॉस्किन्स

इंग्लंडच्या खेळांचा विषय निघाला की आपली मजल क्रिकेट, फुटबॉल आणि विम्बल्डनचे टेनिस यांपलीकडे सहसा जात नाही. त्याच देशात एके काळी वेम्बलीच्या मैदानावर रात्री दिव्यांच्या उजेडात फटफट्यांच्या शर्यती पाहण्यास नव्वद हजार माणसे जमत असत, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या खेळाला तिकडे स्पीडवे म्हणतात. तो अजून चालू आहे. परंतु त्याचे प्रेक्षक पिढीगणिक उणे होत आले आहेत, मैदाने एकामागून एक हातची गेली आहेत, आणि पुढील हंगामात कोणकोणते संघ उतरणार ही चिंता त्याच्या चाहत्यांना दर हिवाळ्यात पडते. ज्या माणसाने हा खेळ नावारूपास आणला, चालवला आणि बसला की पुन्हा उठवला, त्या जॉनी हॉस्किन्सचे चरित्र मी आज सांगणार आहे. गाण्याच्या मास्तराने फटफट्यांवर लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु रिकाम्या खुर्च्यांपुढे बसण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, त्याला हे चरित्र परके वाटणार नाही.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. आपल्या जत्रांतून मौत का कुआँ असतो, तो वाचकांनी पाहिला असेलच. लाकडी फळ्यांच्या विहिरीत फटफटीवाला भिंतीवरून गरगर फिरतो आणि वर कठड्याला धरून उभ्या असलेल्या माणसांचा जीव खालीवर होतो. स्पीडवेत विहीर नाही, पण जिवाची ती घालमेल तीच आहे. अंडाकृती ट्रॅकवर बारीक खडीमातीचा थर पसरलेला असतो. चार स्वार दोरीपाशी उभे राहतात; दोरी झपकन वर जाते आणि ते चार फेरे मारतात. सारा खेळ मिनिटभरात आटोपतो. गाड्यांना गिअर एकच, आणि ब्रेक मुळीच नाही. सगळे फेरे डाव्या अंगाने घ्यावयाचे असल्यामुळे डाव्या पायात पोलादी तळाचा बूट असतो. तो जमिनीवर टेकवून स्वार मागचे चाक मुद्दाम बाहेर घसरू देतो आणि पुढचे चाक उलट दिशेला वळवून तोल सांभाळतो. वळण डावीकडे आणि चाक उजवीकडे, असा हा उरफाटा प्रकार आहे. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि शेवटच्याला भोपळा. दोन संघांचे दोन दोन स्वार असतात, आणि अशा पंधरा-एक शर्यतींचा मिळून एक सामना होतो.

जॉन शिअरमन हॉस्किन्सचा जन्म १८९२ साली न्यूझीलंडमधील वायतारा या लहानशा गावी झाला. तरुणपणी तो ऑस्ट्रेलियात आला आणि पोटासाठी नाना उद्योग करता करता न्यू साउथ वेल्समधील वेस्ट मेटलंड येथील कृषिप्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेचा चिटणीस झाला. अशा संस्थांची स्थिती आपल्याला परिचित आहे. वर्षातून एकदा प्रदर्शन भरायचे, चार दिवस धामधूम उडायची आणि उरलेले वर्ष मैदानावर गवत वाढायचे. तिजोरीत खडखडाट आणि हाताशी भलेमोठे रिकामे मैदान. ह्या मैदानाचा उपयोग काय करावा, हा चिटणीसासमोरचा प्रश्न होता. १५ डिसेंबर १९२३ रोजी त्याने तेथे विजेच्या दिव्यांचा उत्सव भरवला आणि इतर गमतींच्या जोडीला फटफट्यांची शर्यत ठेवली. दिवे, धूळ, इंजिनांचा आवाज आणि घसरत जाणारे स्वार यांनी लोक वेडावून गेले. गवताचा थर चाकांखाली उखडून खालची माती उघडी पडली, आणि मातीवर गाडी कशी घसरवावी हे शिकण्यास स्वारांना वेळ लागला नाही.

हा खेळ हॉस्किन्सनेच शोधून काढला असे पुष्कळ वर्षे छापले गेले. इतिहास शोधणाऱ्यांचे म्हणणे तसे नाही. अमेरिकेत आणि खुद्द ऑस्ट्रेलियातही त्याच्या आधी मातीच्या ट्रॅकवर फटफट्या पळत होत्या, असे ते दाखवून देतात. स्वतः हॉस्किन्स मेटलंडची कथा रंगवून सांगण्यात कधी कसूर करीत नसे, त्यामुळे ती दर खेपेस थोडी वाढत गेली. मला ह्या वादात फार रस नाही. ख्याल प्रथम कोणी गायिला याचा वाद आमच्यातही आहे; पण तो मैफलीत आणून बसवला कोणी, हे विचारणे अधिक फलदायी असते. हॉस्किन्सने फटफट्यांची मैफल बसवली. शर्यत शहराबाहेर नव्हे तर शहरात, दिवसा नव्हे तर रात्री, वर्षातून एकदा नव्हे तर आठवड्याला एकदा, आणि अशा बंदिस्त रिंगणात की चार आण्यांच्या जागेवरील माणसालाही सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारे दिसावे, ही ती बैठक होय.

मेटलंडहून तो न्यूकॅसलला गेला, तेथून सिडनीला आणि मग १९२७ साली खंडाच्या पार दुसऱ्या टोकाला पर्थजवळच्या क्लेअरमाँट येथे. १९२८ साली काही स्वार बरोबर घेऊन तो जहाजाने इंग्लंडला आला. खेळ त्याच्या आधीच तेथे पोहोचला होता. त्याच वर्षी १९ फेब्रुवारी रोजी लंडनच्या बाहेर एपिंगच्या जंगलात हाय बीच येथे जी शर्यत झाली, ती ब्रिटिश स्पीडवेचा आरंभ मानली जाते. अपेक्षेच्या कित्येक पट माणसे आली; आकडा वीस ते तीस हजारांच्या घरात सांगतात. गर्दी आवरेना तेव्हा माणसे ट्रॅकच्या आतल्या बाजूलाही उभी राहिली. त्या एका वर्षात गावोगाव ट्रॅक निघाले आणि पुष्कळसे तितक्याच लवकर बंदही पडले. नवलाई ओसरली की प्रेक्षक ओसरतात, हा धडा ह्या खेळाला जन्मतःच मिळाला.

त्यावर तोड निघाली ती १९२९ साली. तोवर एकेकटे स्वार आपापल्या नावावर पळत. आता गावोगावचे संघ उभे राहिले आणि त्यांच्या लीग सुरू झाल्या. फरक वरवर लहान दिसतो, पण सारे गमक त्यातच आहे. एखादा मोठा गवई गावात आला तर लोक एकदा ऐकायला जातात. आपल्या आळीतला मुलगा गाणार असेल तर दर आठवड्याला जातात. हॉस्किन्स वेम्बलीचा व्यवस्थापक झाला आणि तेथून लंडनच्या पूर्व भागात वेस्ट हॅम संघाकडे गेला. त्या संघाचे मैदान कस्टम हाउस नावाच्या वस्तीत होते. अगदी जवळ बंदराच्या मोठमोठ्या गोद्या, आणि भोवती गोदीकामगारांची घरे. दिवसभर ओझी वाहिलेली माणसे संध्याकाळी बायकामुलांसह तेथे येत. १९३३ साली एका सामन्याला ८२,००० हून अधिक प्रेक्षक आल्याची नोंद सांगितली जाते. १९३७ साली वेस्ट हॅमने लीग जिंकली, आणि १९३६ पासून वेम्बलीवर सुरू झालेले जगज्जेतेपद १९३८ साली त्याच संघाच्या ब्लूई विल्किन्सन ह्या ऑस्ट्रेलियन स्वाराने मिळवले.

हॉस्किन्स स्वतः स्वार म्हणून नव्हे, तर चालक म्हणून नाव कमावून गेला. आपल्याकडे तमाशाच्या फडाचा मालक किंवा नाटक कंपनीचा मालक जे करतो, ते सारे काम त्याचे. मैदान भाड्याने घ्यायचे, स्वार जमवायचे, त्यांची भांडणे मिटवायची, जाहिरात करायची, पावसाकडे डोळे लावून बसायचे आणि रात्री गल्ला मोजायचा. परंतु त्याचे खरे कसब दिसे ते दोन शर्यतींच्या मधल्या वेळात. शर्यत मिनिटाची आणि तिच्यामागून पुढची तयारी पाच-सात मिनिटांची; म्हणजे संध्याकाळच्या दोन तासांत खरा खेळ जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचा. हा हिशेब फार थोड्यांनी ओळखला. गवई तंबोरे लावीत बसला आणि सभागृहात कुजबुज सुरू झाली की मैफल हातची जाते, हे आम्हाला वडीलमंडळी शिकवीत असत. हॉस्किन्सने ती कुजबुज कधी सुरूच होऊ दिली नाही. तो मैदानाच्या मध्यभागी उभा राहून ध्वनिक्षेपकावरून लोकांशी बोलायचा, प्रतिपक्षाच्या स्वारांना डिवचायचा, आपल्या स्वारांशी खोटेखोटे भांडायचा. त्याची टोपी तर साऱ्या इंग्लंडात गाजली. सामन्यात रंग भरला की स्वार त्याच्या डोक्यावरून टोपी हिसकावून पायदळी तुडवीत किंवा सरळ काडी लावून जाळीत, आणि हॉस्किन्स कपाळावर हात मारी. असल्या किती टोप्या भस्म झाल्या असतील! प्रेक्षकांना ते सोंग आहे हे ठाऊक असे, आणि तरीही पुढच्या आठवड्यात टोपीचे काय होते हे पाहायला ते येत.

असल्या प्रकारांना नाक मुरडणारे रसिक सगळीकडे असतात. त्यांना मी एका मराठी गृहस्थांची आठवण करून देईन. १८८० साली मुंबईत सर्कस सुरू करणारे विष्णुपंत छत्रे हे ग्वाल्हेरच्या हद्दूखाँसाहेबांचे शिष्य होते. तंबू, घोडे आणि विदूषक यांच्या मिळकतीवर त्यांनी आपल्या गुरूंच्या मुलाला, रहिमतखाँसाहेबांना, सांभाळले आणि सर्कशीबरोबर गावोगाव नेऊन त्यांचे गाणे लोकांना ऐकवले. खेळिया असणे आणि कलेची चाड असणे यांत मुळात वैर नाही. हॉस्किन्स त्याच जातीचा माणूस होता.

दुसऱ्या महायुद्धात खेळ जवळजवळ थांबला. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू येथे मात्र अॅलिस हार्ट ह्या बाईंच्या देखरेखीखाली लढाईच्या दिवसांतही शर्यती चालू राहिल्या. शांतता झाल्यावर लोकांना करमणुकीची जी भूक लागली होती, तिच्या जोरावर स्पीडवेला सुगीचे दिवस आले. एका लीगचे तीन विभाग करावे लागले. १९४९ साली टॉमी प्राइस हा पहिला इंग्रज जगज्जेता झाला, तेव्हा वेम्बलीवर नव्वद हजारांच्या वर माणसे होती. १९४६ साली हॉस्किन्सने उत्तरेकडील न्यूकॅसलच्या ब्रो पार्कवर फड उभा केला होता. १९४९ मध्ये तो स्कॉटलंडमधील ग्लासगोला ॲशफील्डच्या मैदानावर आला. त्याच शहरात व्हाइट सिटीवर दुसरा संघ होता आणि त्याचा चालक होता हॉस्किन्सचाच मुलगा इयन. बाप एका मैदानावर आणि लेक दुसऱ्यावर, आणि दोघेही एकाच गावची माणसे आपल्याकडे ओढू पाहत आहेत, असे दृश्य ग्लासगोने काही वर्षे पाहिले.

मग ओहोटी लागली. तिची कारणे एक नव्हेत. करमणूक कर इतका जबर होता की गल्ल्याचा जवळजवळ निम्मा भाग सरकारात भरावा लागे. घरोघर टेलिव्हिजन आला. तरुणांकडे स्वतःच्या फटफट्या आणि मोटारी आल्या. लंडनमधील न्यू क्रॉस १९५३ च्या हंगामाच्या मध्येच बंद पडले, हॅरिंगे १९५४ नंतर. १९५७ च्या अर्थसंकल्पात खेळांवरील करमणूक कर काढून टाकण्यात आला, पण त्याच वर्षी हंगामापूर्वी एक मोठा घाव बसून गेला होता. वेम्बलीचे मालक सर आर्थर एल्विन हे फेब्रुवारीत वारले. त्यांना ह्या खेळाची मनापासून आवड होती आणि त्यांच्या छायेखाली वेम्बलीचा संघ साऱ्या संघांत थोरला म्हणून नांदत होता. ते गेल्यावर तो संघ त्या वर्षी मैदानात उतरलाच नाही. १९५९ मध्ये राष्ट्रीय लीगमध्ये अवघे नऊ संघ उरले.

एल्विन यांच्या मृत्यूची हकीकत वाचली तेव्हा मला आमच्या घरातली गोष्ट आठवली, म्हणून ती थोडक्यात सांगतो. माझे वडील राजवाड्यावर गाणारे. संस्थाने विलीन झाली तरी राजघराण्यांना तनखे मिळत होते, आणि सणासुदीला, वाढदिवसाला गाण्याची हजेरी चालू होती. १९७१ साली तनखे बंद झाले आणि हळूहळू हजेऱ्याही. वडिलांच्या गळ्यात काडीचाही उणेपणा आला नव्हता. तोच गळा, तेच राग. ऐकवून घेणारा मात्र उठून गेला होता. त्यांच्या पिढीतल्या काहींनी दोष लोकांना दिला, लोकांना गाणे कळत नाही म्हणाले, आणि दारे लावून घेतली. वडिलांनी दोन खोल्यांत शाळा काढली. तिच्यावर आमचे घर चालले आणि आजही माझे चालते. आश्रय मोडल्यावर कलावंताला हे दोनच रस्ते असतात, अशी माझी समजूत आहे.

हॉस्किन्सने दुसरा रस्ता धरला. १९५३ पासून तो मँचेस्टरला बेल व्ह्यूवर होता. प्राणिसंग्रहालय, सर्कस, पाळणे आणि नाचघर असलेल्या त्या प्रचंड करमणूकबागेत त्याच्यासारखा माणूस शोभून दिसे. तेथील पीटर क्रेव्हन हा लहानखुरा स्वार १९५५ साली जगज्जेता झाला. पडत्या काळात मँचेस्टरच्या प्रेक्षकांना मैदानावर बांधून ठेवण्याचे काम क्रेव्हनच्या चपळाईने आणि हॉस्किन्सच्या जिभेने मिळून केले. १९६० साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, हॉस्किन्सने लंडनला येऊन बंद पडलेले न्यू क्रॉस पुन्हा लीगमध्ये उतरवले. ते फार काळ टिकले नाही. पण त्याच वर्षी दहा संघांची एक नवी प्रांतिक लीग सुरू झाली होती. मोठी नावे नाहीत, मोठी मैदाने नाहीत. पडून राहिलेले ट्रॅक झाडून घ्यायचे, गावची मुले गाडीवर बसवायची आणि तिकीट परवडेल असे ठेवायचे, अशी तिची रीत होती. इयन हॉस्किन्सने एडिंबरोचा संघ तिच्यातच उभा केला. ह्या धाकट्या लीगने थोरलीला तारले असे म्हटले तरी चालेल, कारण बऱ्याच भांडणानंतर १९६५ साली दोन्ही एकत्र येऊन अठरा संघांची ब्रिटिश लीग झाली.

ह्या पुनरुज्जीवनाला एका मरणाची काळी कडा आहे. १९६२ साली क्रेव्हन दुसऱ्यांदा जगज्जेता झाला होता. २० सप्टेंबर १९६३ रोजी एडिंबरोच्या ओल्ड मेडोबँकवर, म्हणजे इयनच्याच ट्रॅकवर, त्याच्यापुढचा स्वार पडला. ब्रेक नसलेल्या गाडीवर बसलेल्या माणसाच्या हाती एकच गोष्ट असते, गाडी वळवणे. क्रेव्हनने पडलेल्या माणसाला वाचवण्यासाठी ती वळवली आणि स्वतः कठड्यावर आदळला. चार दिवसांनी तो गेला. वय तिशीच्या आत. प्रेक्षक का येतात ह्याची चर्चा करताना ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. लोक अपघात पाहायला येतात असा आक्षेप ह्या खेळावर फार जुना आहे. क्रेव्हनसाठी मँचेस्टर ज्या रीतीने हळहळले, त्यावरून मला तो खोटा वाटतो. लोक येत ते आपल्या माणसाला धडधाकट परत येताना पाहायला.

पुढे १९७० च्या राष्ट्रकुल क्रीडासामन्यांसाठी मेडोबँकची जागा हवी म्हणून १९६७ नंतर एडिंबरोचा ट्रॅक गेला. येथून ह्या कथेचे दुसरे सूत्र सुरू होते. खेळ प्रेक्षकांवाचून मरतो हे खरे. पण प्रेक्षक असतानाही तो जागेवाचून मरतो. स्पीडवेला स्वतःची जमीन फारशी कधी नव्हतीच. बहुतेक मैदाने कुत्र्यांच्या शर्यती चालवणाऱ्या कंपन्यांची, नाहीतर नगरपालिकांची. स्पीडवे तेथला आठवड्यातून एका रात्रीचा भाडेकरू. कस्टम हाउसचे ते विस्तीर्ण मैदान १९७२ मध्ये बंद झाले आणि जागेवर घरे उठली.

हॉस्किन्स त्या वेळी केंट परगण्यातील कँटरबरी येथे होता. १९६८ साली ब्रिटिश लीगने धाकट्या संघांसाठी दुसरा विभाग काढला, तेव्हा ह्या शहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याने किंग्जमीडच्या नगरपालिकेच्या मैदानावर नवा संघ उभारला. ज्याने वेस्ट हॅमला ऐंशी हजारांच्या गर्दीपुढे भाषणे ठोकली होती, तो आता काही हजारांपुढे तितक्याच आवेशाने टोपी जाळून घेत होता. हे मला त्याच्या सगळ्या पराक्रमांपेक्षा मोठे वाटते. थोरल्या दिवसांचा टेंभा मिरवत घरी बसणे सोपे. लहान दिवसांत मोठ्या मनाने उभे राहणे अवघड. त्याच्या संघात नवशिकी मुले होती. १९७० साली तीच मुले दुसऱ्या विभागाची अजिंक्य ठरली.

१९८७ च्या एप्रिलमध्ये हॉस्किन्स वारला. त्याला पंच्याण्णवावे वर्ष पुरे होण्यास थोडेच दिवस उरले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस कँटरबरीची शेवटची शर्यत झाली. नगरपालिकेने मैदानाचा करार पुढे वाढवला नाही. आणि दुसऱ्याच दिवशी, १ नोव्हेंबरला, मँचेस्टरच्या हाइड रोडवरील बेल व्ह्यूचे जुने मैदानही मिटले. त्याने चालवलेले दोन ट्रॅक त्याच्यामागून सहा-सात महिन्यांत गेले. नियतीला असल्या जुळवण्या करण्याची हौस असावी.

त्यानंतरची हकीकत चढउताराची आहे, आणि उतार अधिक. कॉव्हेन्ट्रीजवळच्या ब्रँडनचा ट्रॅक १९२८ पासूनचा. तेथे २०१६ नंतर शर्यत नाही. हॉस्किन्सने उठवलेल्या न्यूकॅसलच्या संघाला २०२२ चा हंगाम अर्ध्यावर सोडावा लागला, कारण खर्च निघेना. २०२३ च्या अखेरीस पीटरबरो आणि वुल्व्हरहॅम्टन हे दोन नामांकित संघ एकदमच मैदानाला मुकले. स्वारांचेही बदलले आहे. पोलंडमध्ये ह्या खेळाला आज जी गर्दी आणि जो पैसा आहे, तो इंग्लंडात नाही. म्हणून चांगला स्वार तिकडच्या लीगच्या तारखा आधी पाहतो आणि उरलेल्या वारी इंग्लंडात पळतो. स्वार दुखावला की दुसऱ्या संघाचा स्वार पाहुणा म्हणून बोलावतात. सामना होतो खरा, पण आपल्या आळीतला मुलगा म्हणावा तो कोण, हेच प्रेक्षकाला कळेनासे होते. १९२९ साली ज्या युक्तीने खेळ वाचला होता, तिचीच ही धार बोथट झाली आहे.

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे मँचेस्टरला राहिलो होतो. तो संगणकाच्या कामावर आहे आणि फावल्या वेळात पेटी वाजवतो. त्याने मला बेल व्ह्यूच्या नव्या मैदानावर नेले. हे राष्ट्रीय स्पीडवे मैदान २०१६ साली उघडले; सहा हजारांच्या आसपास माणसे मावतील एवढे आटोपशीर. जागा पुष्कळ रिकाम्या होत्या, हे लपवण्यात अर्थ नाही. पण जे होते ते पाहण्यासारखे होते. माझ्या शेजारच्या बाकावरील वृद्ध जोडप्याच्या मांडीवर छापील पत्रिका होती आणि प्रत्येक शर्यत संपताच दोघेही पेन्सिलीने गुण मांडीत होती. आपल्याकडचे जुने श्रोते वहीत रागांची आणि चिजांची टिपणे ठेवीत, त्याची मला आठवण झाली. त्यांच्यापुढे दहाबारा वर्षांची तीन मुले कठड्याला लोंबकळत होती आणि उडालेली माती अंगावर घ्यायला मुद्दाम पुढे वाकत होती. इंजिनांच्या त्या आवाजात मला सूर शोधण्याची खोड आवरली नाही. चारी गाड्या दोरीपाशी घुमू लागल्या म्हणजे खालच्या षड्जाचा जो भरणा होतो, तो छातीत जाणवतो. टेलिव्हिजनवर तो नाही. जळत्या तेलाचा वासही टेलिव्हिजनवर नाही.

ह्या खेळाचे पुढे काय होणार? जाणती माणसे दोन्ही तोंडांनी बोलतात आणि दोन्हीकडे पुरावा आहे. टाय वॉफिंडन ह्या इंग्रज स्वाराने २०१३, २०१५ आणि २०१८ अशी तीन जगज्जेतेपदे मिळवली, तरी त्यामुळे गावोगावचे मैदान भरले नाही. २०२१ आणि २०२४ साली ब्रिटनच्या संघाने मँचेस्टरच्याच मैदानावर राष्ट्रांची स्पर्धा जिंकली, तरीही तेच. उलट ऑक्सफर्डला २००७ नंतर बंद पडलेला खेळ २०२२ साली पुन्हा सुरू झाला. जागा टिकून होती म्हणून सुरू होऊ शकला. जागतिक कीर्तीने खेळ जगत नाही आणि स्थानिक हट्टाने जगू शकतो, एवढे ह्यावरून दिसते.

हॉस्किन्सच्या चरित्रातून मला जे दिसले ते असे. स्टँड रिकामे पडले तर त्याने लोकांना बोल लावला नाही. ते आपले काम समजला. लोक आले नाहीत तर आपण आणखी लहान गावात, आणखी लहान मैदानावर, आणखी कोवळ्या मुलांना घेऊन जायचे, आणि टोपी पुन्हा जळू द्यायची. गेलेले प्रेक्षक परत आणता येतात हे त्याने साठ वर्षांत निदान तीनदा दाखवले. परंतु विकली गेलेली जागा त्यालाही परत आणता आली नाही. म्हणून आज इंग्लंडात ह्या खेळासाठी झटणारी माणसे स्वारांपेक्षा जमिनीच्या करारांची काळजी अधिक करतात, त्यात मला शहाणपण दिसते. आम्हा गाणाऱ्यांनाही त्यातून घेण्यासारखे आहे. श्रोते कमी झाले म्हणून मी खचत नाही. चार विद्यार्थ्यांतून चाळीस श्रोते होतात हे मी पाहिले आहे. आपल्या गावातली एखादी जुनी सभागृहाची इमारत पाडण्याची बातमी आली म्हणजे मात्र मला धसका बसतो. सतरंजी कोठेही अंथरता येते, पण अंथरायला खोली लागते.

लंडनच्या कस्टम हाउस वस्तीत जेथे तो ट्रॅक होता, तेथील रस्त्यांना जुन्या स्वारांची नावे दिलेली आहेत. विल्किन्सनच्या नावाचा रस्ता आहे, टॉमी क्रूम्ब्सच्या नावाचा आहे, आणि हॉस्किन्स क्लोज नावाची एक लहानशी गल्लीही आहे. तेथे राहणाऱ्यांपैकी कितींना हा कोण होता ते ठाऊक असेल कोण जाणे. नावे राहिली हे चांगलेच झाले. ट्रॅक राहिला असता तर तो म्हातारा अधिक खूष झाला असता.